नकाराचं वृत्त

बॅश: ./ए.आउट: परमिशन डिनाइड

रसग्रहणाची रीत अशी की आधी कविता द्यावी, मग बोलावं. म्हणून ती वर दिली. लिनक्सच्या टर्मिनलवर ज्यांनी ही ओळ पाहिली आहे, त्यांना ती कविता वाटलेली नसणार. मलाही वीसेक वर्षं वाटली नव्हती. गेल्या दिवाळीत भाची लॅपटॉप काखोटीला मारून आली. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, सी भाषेतला पाच ओळींचा प्रोग्राम. म्हणाली, "मामा, हा नुसता नाही म्हणतो. का नाही, ते सांगतच नाही." तिला उत्तर देण्यासाठी म्हणून ती ओळ मी पहिल्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली.

शेवटचे दोन शब्द म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, 'परवानगी नाकारली'. कर्ता गायब. सरकारी नोटिशीत असतो तसा. कुणी नाकारली, कोणत्या नियमाने, दाद कुठे मागायची, काही नाही. पण यात लबाडी नाही. आत बसलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मुळात वाक्य बोलतच नाही, तो फक्त एक आकडा परत करतो: 13. त्या आकड्यापुढचं वाक्य सी लायब्ररीतल्या एका तक्त्यातून उचललं जातं. 2 आला तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', 1 आला तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. या 1 आणि 13 मधला फरक मला फार आवडतो. दुसऱ्याची बंद फाइल उघडायला गेलात तर 13. दुसऱ्याच्या फाइलच्या परवानग्याच बदलायला निघालात तर 1. पहिल्यात दार बंद आहे, दुसऱ्यात तुमची ती पायरीच नाही. मराठीत दोन्हींना आपण 'नाही' एवढंच म्हणून मोकळे झालो असतो.

आता ओळीची सुरुवात. आधी नाव, मग दोन टिंबं, मग बोलणं. नाटकाची संहिता अशीच छापतात. त्या संध्याकाळी आमच्या पडद्यावर निदान पाच पात्रं येऊन बोलून गेली आणि भाची सगळ्यांना मिळून 'हा' म्हणत होती.

पहिला प्रवेश कंपायलरचा. 'हॅलो.सी:1:10: फेटल एरर: एसटीडीआयओ.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' पहिली ओळ, दहावं अक्षर. मोजून पाहा, 'इन्क्लूड' आणि त्यानंतरची मोकळी जागा संपून टोकदार कंस जिथे उघडतो, ते बरोबर दहावं अक्षर. इतका नेमका बोट ठेवणारा समीक्षक मराठीत मिळायला भाग्य लागतं! यात दोष माझा होता. लॅपटॉप जुना, म्हणून त्यावर डेबियन टाकताना हलकं ठेवायच्या नादात मी शिफारशीची पॅकेजं वगळून नुसतं जीसीसी बसवलं होतं. कंपायलर आला, पण ती हेडर फाइल काही कंपायलरच्या घरची नव्हे. ती सी लायब्ररीच्या लिबसी6-डेव्ह या पॅकेजात येते. बिल्ड-इसेन्शियल हे एक नाव मागितलं असतं तर जीसीसी, जी++, मेक आणि ही लायब्ररी एकदमच आली असती. मागितलं, आली.

जीसीसीला लोक कंपायलर म्हणतात. खरं तर तो सूत्रधार आहे. स्वतः एका ओळीचंही भाषांतर करत नाही. सीसी1 ला बोलावून सी-चं असेंब्ली करून घेतो, ते एएस कडे देतो, आणि शेवटी कलेक्ट2 मार्फत एलडी या लिंकरला रंगमंचावर आणतो. हायफन व्ही लावून चालवला तर कोण कधी आलं, काय घेऊन आलं, हे सगळं दिसतं. लांबलचक असतं, पण एकदा वाचण्यासारखं आहे.

प्रोग्राम कंपाइल झाला, चालवला, आणि वर दिलेली कविता उमटली. बोलणारा बॅश, म्हणजे शेल. कंपायलरचं काम कधीच संपलेलं होतं, त्याच्याकडे तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. भाचीने कुठून तरी ऐकलं होतं की चालत नसेल तर पुढे सुडो लावायचं, म्हणजे कमांड रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालते. लावलं. तर सुडो म्हणाला, 'कमांड नॉट फाउंड'. फाइल समोर ढळढळीत पडलेली, आणि हा म्हणतो सापडलीच नाही! चालवण्याची परवानगी नसलेली फाइल सुडोच्या लेखी नसल्यातच जमा. वस्तुस्थिती एक, दोन पात्रांची दोन वाक्यं. त्यातलं बॅशचं जास्त प्रामाणिक.

मग फाइलींची यादी काढली, एलएस हायफन एल. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

प्रत्येक फाइलपुढे दहा खुणा येतात. पहिली जात सांगते, साधी फाइल की डिरेक्टरी. उरलेल्या नऊ म्हणजे तीन-तीनांचे तीन गट: मालकाचा, ग्रुपचा, बाकीच्या जगाचा. प्रत्येक गटात तीन जागा: वाचणं, लिहिणं, चालवणं. परवानगी असेल तर अक्षर, नसेल तर आडवी रेघ. तीन जागा, प्रत्येकीत दोनच शक्यता, म्हणजे एकूण आठ प्रकार. भाचीला हे सांगता सांगता मला शाळेतला फळा दिसला. यमाताराजभानसलगा! हे तर आपले गण. अक्षर म्हणजे गुरू, रेघ म्हणजे लघू. (आपल्याकडे आडवी रेघ गुरूची खूण, इथे अभावाची, तेवढं उलटं करून घ्यायचं.) संगणकवाले या आठ गणांना 0 ते 7 म्हणतात. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचे 1, बेरीज केली की गण ठरला. न गण 0, म गण 7.

आता वाचून पाहा. उमास्क, म्हणजे नव्या फाइलींतून वगळायच्या परवानग्या, 022 असेल तर कंपायलरच्या साखळीतून बाहेर पडणारा प्रोग्राम 755 असतो, म्हणजे म र र. मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचा आणि चालवा. आपण टाइप केलेली साधी फाइल 644, त भ भ. एसएसएचची खासगी किल्ली 600, त न न. दोन न लागोपाठ. म्हणून तर ती खासगी. या वृत्तांना चाल आहे. वर्षानुवर्षं ही कामं केलेला माणूस आकडे वाचत नाही, यादीवरून नजर फिरवतो आणि जिथे यतिभंग झालाय तिथेच थांबतो.

हे वृत्त पहिल्यापासून असं घोटीव नव्हतं. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं. त्याच्या नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये फक्त मालक आणि इतर असे दोनच पक्ष आहेत, आणि चालवण्याची परवानगी सगळ्यांना मिळून एकच. ग्रुप मागाहून आला आणि तीन गण पुरे झाले. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत स्वतःचा कर्नल लिहिला, तेव्हा हे वृत्त त्याने जसंच्या तसं घेतलं. त्या पहिल्या दिवसांत त्याने आपल्या कर्नलवर आणून चालवलेल्या दोन गोष्टी म्हणजे बॅश आणि जीसीसी, म्हणजे आमच्या नाटकातली मुख्य पात्रंच.

भाचीच्या ए.आउटपुढे हवं होतं म र र आणि दिसत होतं त भ भ. तिन्ही गणांच्या शेवटी लघू. चालवायची परवानगी कुणालाच नाही. चालवण्याची परवानगी जोडणारं सीएचमॉड अधिक एक्स दिलं. चकार शब्द नाही, आणि युनिक्समध्ये चकार शब्द नाही म्हणजे काम झालं. पुन्हा यादी काढली: त भ भ.

या जागेला मीही क्षणभर अडखळलो, मग डोळे उघडले. भाची प्रोग्राम लॅबमधून पेनड्राइव्हवर घेऊन आली होती आणि तिथेच बसून कंपाइल करत होती. पेनड्राइव्ह फॅट32. त्या जुन्या पद्धतीत एका फाइलच्या नोंदीला 32 बाइट मिळतात, त्यात मालकाचं नाव लिहायला रकानाच नाही, गण कुठून येणार? मग लिनक्स तिथे प्रत्येक फाइलपुढे एक ठरलेला मुखवटा दाखवतो. सीएचमॉडने तो बदलायला सांगितलं तर ऐकून घेतो आणि सोडून देतो, चूकही कळवत नाही. कर्नलच्या मूळ कोडमध्ये त्या जागी एक टिप्पणी आहे. हे विचित्र आहे खरं, पण वागणूक फार जुनी आहे, असं लिहिणाऱ्याने कबूल केलं आहे. मला अशी कबुली कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा वाचनीय वाटते.

याच कोडमध्ये आणखी एक रत्न आहे. डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की बहुधा तो 'शोएक्झेक' हा पर्याय घेऊन जोडला जातो. त्याचा अर्थ, फाइलचं आडनाव पाहून चालवण्याची परवानगी दाखवा. कोणती आडनावं? कोडमध्ये ती सलग लिहिली आहेत: एक्झेकॉमबॅट. इंग्रजीत नऊ अक्षरं, तीन-तीनांचे तीन गट: ईएक्सई, कॉम, बॅट. पुन्हा तीन गण! म्हणजे आमच्या ए.आउटचं नाव हॅलो.ईएक्सई ठेवलं असतं तर तो लिनक्सचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून बिनबोभाट चालला असता. करून पाहिलं. चालला. भाची एवढी हसली की स्वयंपाकघरातून ताई बघायला आली.

पण हा उपाय नव्हे, गंमत. फाइल घरच्या डिरेक्टरीत घे, म्हटलं. तिने तिथे नवं फोल्डर केलं, सवयीने पुढे सुडो लावून. कंपाइल केल्यावर खालून दोन पात्रं बोलली. आधी एलडी: 'कॅनॉट ओपन आउटपुट फाइल ए.आउट: परमिशन डिनाइड'. त्याखाली कलेक्ट2: 'एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस'. मदत मागताना बहुतेक जण ही शेवटची ओळ वाचून दाखवतात, आणि सगळ्यात पोकळ तीच. कलेक्ट2 नुसता निरोप्या. आत काहीतरी बिघडलं एवढंच तो दारात येऊन सांगतो. काय बिघडलं ते त्याच्या वर.

एलडीच्या तक्रारीतला 13 पेनड्राइव्हवरच्या 13 पेक्षा वेगळा. इथे अडलं होतं ते डिरेक्टरीच्या गणांवर, आणि डिरेक्टरीत त्याच तीन अक्षरांचा अर्थ बदलतो. शब्द तोच, संदर्भ बदलला की अर्थ दुसरा. वाचणं म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणं. लिहिणं म्हणजे यादीत नाव घालणं किंवा काढणं. चालवणं म्हणजे, डिरेक्टरी कशी चालवणार? इथे त्याचा अर्थ ओलांडून जाणं. वाड्याच्या देवडीतून आत जाण्याची मुभा. चौकात कोण कोण बसलंय ते दिसेलच असं नाही. यातून एक विलक्षण गोष्ट निघते. फाइल खोडून टाकायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लागते. खोडणं म्हणजे यादीतून नाव काढणं. दुसऱ्याची फाइल वाचताही येत नाही पण पुसता येते, असं घडू शकतं. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या टीएमपी डिरेक्टरीत तसं होऊ नये म्हणून तिच्या शेवटच्या जागी एक 'टी' चिकटवलेला असतो: आपलं नाव आपण काढायचं, दुसऱ्याचं नाही.

भाचीच्या नव्या फोल्डरपुढे म र र होतं, वृत्त निर्दोष. पण मालक रूट, आणि ती 'बाकीच्या जगात' जमा. स्वतःच्या घरात! सीएचओनने फोल्डर तिच्या नावावर केलं. नेमआय हायफन एल ही कमांड मुळापासून प्रत्येक देवडीचे गण आणि मालक एकाखाली एक मांडते. असल्या तंट्यात तिच्याइतकी साक्ष दुसरी कुणाची नाही.

"मग सगळ्याला 777 देऊन टाकायचं ना," भाची म्हणाली. म म म. नऊच्या नऊ गुरू. अशा ओळीला चालच नसते. आणि 'मम' म्हणजे माझं. इथे तीनदा म म्हणून ते गावाचं होतं. चवीचं सोडा, यंत्रालाही हे सोसत नाही. खासगी किल्लीला 777 दिलंत तर एसएसएच ती वापरायला नकार देतो, फार उघडी आहे म्हणतो. यूएसआर डिरेक्टरीवर ते आतपर्यंत चालवलंत तर सुडोच मरतो. सुडोच्या फाइलच्या पहिल्या गणात चालवण्याच्या जागी 'एस' असतो: चालवणारा कुणी असो, वावर मालकाच्या म्हणजे रूटच्या अधिकाराने. ही कल्पना डेनिस रिची यांची. तिचं अमेरिकन पेटंट 1979 मध्ये मिळालं आणि सर्वांसाठी मोकळं सोडलं गेलं. सरसकट 777 ने तो 'एस' पुसला जातो. सगळ्यांना सगळं द्यायला गेलात की ज्या एकाकडून अधिकार मिळत होता, तोच अधिकार गमावून बसतो.

सात वाजत आले होते. प्रोग्राम घरच्या फोल्डरमध्ये म र र होऊन बसला, नमस्काराची ओळ छापून मोकळा झाला. भाचीने खुशीत दुसरा लिहायला घेतला. नाव ठेवलं टेस्ट. कंपाइल केला, एकही पात्र बोललं नाही. टेस्ट असं टाइप करून एंटर दाबलं. पडदा कोरा.

"मामा, आता तर नाहीसुद्धा म्हणत नाही."

टेस्ट नावाची कमांड शेलच्या पोटात आधीपासूनच आहे, तीच धावली होती आणि गुपचूप खोटं असा निकाल देऊन परतली होती. चालू डिरेक्टरीत शेल आपणहून शोधत नाही. तिच्या प्रोग्रामपुढे एक टिंब आणि एक तिरकी रेघ लावायची राहिली होती.