नावातच नाटक

मराठी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान एके काळी मन लावून पाहण्यासारखं असे. एक-दोन कॉलमांची चौकट, काळी-पांढरी छपाई, फोटोला क्वचितच जागा आणि शेजारी तशाच कितीतरी चौकटी. त्या गर्दीत नाटक हसवणारं आहे की ऐतिहासिक, की घर ढवळून काढणारं, हे नावाच्या वळणावरूनच उमगायला हवं. कमल शेडगे यांनी हे काम अनेक दशकं केलं. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी करता करता त्यांनी शेकडो नाटकांची नावं हातानं घडवली. 'महाराष्ट्र टाइम्स'चं शीर्षकही त्यांच्याच हातचं. २०२० साली ते गेले तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं, की इतकी वर्षं डोळ्यांत बसलेली ती अक्षरं एकाच माणसाची होती.

हे काम अवघड का, ते लिपीतच आहे. रोमन लिपीला आवाज चढवायचा असला की मोठी अक्षरं तयार असतात. देवनागरीत लहान-मोठी असा भेद नाही. मग जोर आणायचा कुठून? शिरोरेषा तोडून, काना लांबवून, वेलांटीला फेक देऊन, उकार ओळीखाली उतरवून. देवनागरी शब्दाला तीन मजले असतात: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार. चांगला अक्षरकार हे तिन्ही मजले खेळवतो. 'वस्त्रहरण' हा शब्द घ्या. 'स्त्र' हे जोडाक्षर सगळ्यांत दाट, पुढची तीन अक्षरं मोकळी. हा तोल सांभाळायचा की मुद्दाम बिघडवायचा, याचा निर्णय नाटक वाचल्याशिवाय घेता येत नाही. अर्थ कळला तरच रेघ कळते.

म्हणूनच मराठीत जाहिरात आणि कविता यांच्यातलं दार बराच काळ उघडं राहिलं. कवी अरुण कोलटकर जे. जे. कलामहाविद्यालयात शिकले आणि पोट भरलं ते जाहिरातींच्या कलादिग्दर्शनावर. १९७७ साली प्रास प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'अरुण कोलटकरच्या कविता'. 'कोलटकर यांच्या' नव्हे, 'कोलटकरच्या'. एक आदरार्थी शब्द गाळला आणि कवी एकदम वाचकाच्या शेजारी येऊन बसला. नेमके किती शब्द ठेवायचे, हा हिशेब जाहिरातीच्या टेबलावर रोजच करावा लागतो. र. कृ. जोशी त्याच जातकुळीतले. उल्का या जाहिरातसंस्थेत काम, अनियतकालिकांच्या चळवळीच्या काळात अक्षरांची मांडणी हाच आशय असलेल्या दृश्यकविता, मग आयआयटी मुंबईत अध्यापन आणि पुढे संगणकासाठी 'मंगल' हा फाँट. मराठी माणूस रोज पडद्यावर जो मजकूर वाचत आला, त्यातला पुष्कळसा एका कवीच्या हातून गेला आहे.

आज हे दार बंद होताना दिसतं, आणि ही काळजी वाटण्यासारखी गोष्ट आहे.

नाटकाची जाहिरात आता बरीचशी फोनवर येते. मालिकांमुळे ओळखीचे झालेले चार चेहरे, मागे रंगीत धूर आणि कोपऱ्यात तयार फाँटमध्ये टाकलेलं नाव. मजकूरही साच्यातला: 'लोकाग्रहास्तव', 'तुफान विनोदी', 'फक्त काही प्रयोग'. दोष संगणकाचा नाही. मजकूर एकानं लिहायचा, चित्र दुसऱ्यानं निवडायचं आणि नाव तिसऱ्यानं 'टाकायचं', ही वाटणी घातक आहे. तिघांपैकी संहिता एकानं तरी वाचली असेल, याची खात्री उरत नाही.

अक्षरांबद्दलची ही बेफिकिरी साधा 'ल' पाहिला तरी कळते. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठी वळणं प्रमाण ठरवली. तरीही रस्त्यावरचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठंसुद्धा हिंदी वळणाच्या 'ल'नं भरलेली आहेत, कारण फाँट उघडला की तोच समोर येतो आणि बदलण्याची तसदी कुणी घेत नाही.

फाँटच्या बाजूला मात्र काम उत्तम चाललं आहे, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेला 'मुक्ता' हा फाँट सात वजनांत आणि विनामूल्य मिळतो. वर्तमानपत्रासारखा दाट मजकूरही तो स्वच्छ वाहून नेतो. मोडी लिपीचा अभ्यास करून तिचा प्रवाह देवनागरीत आणणाऱ्या अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पण फाँट हजार शब्दांसाठी बनतो, शीर्षक एकाच शब्दासाठी. दुसरं काम पहिल्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी निर्मात्याला वेगळा माणूस बोलवावा लागतो, त्याला संहिता द्यावी लागते, आठवडाभर थांबावं लागतं.

आणि त्याचं नाव छापावं लागतं. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकार असतो, मुद्रक असतो, अक्षरजुळणी करणाराही असतो. शीर्षकाची अक्षरं ज्यानं काढली, त्याच्यासाठी बहुतेक पुस्तकांत अजून ओळच नाही.