युद्धक्रीडेचा पुरावा आणि अडगावची लढाई

भूयुद्धाची नवी संकल्पना रणांगणावर अजमावणे म्हणजे ती शिपायांच्या प्राणांनी अजमावणे होय. ती आधी पटावर पारखावी, हा विचार म्हणूनच युक्त आहे. १८२४ मध्ये धाकट्या राइसविट्झने प्रशियाच्या सैन्यापुढे ठेवलेल्या युद्धक्रीडेत नकाशा, पंच आणि फासे होते. माऱ्याचा परिणाम पूर्वानुभवाच्या कोष्टकावरून काढावयाचा आणि दैवाचा अंश फाशांवर सोपवावयाचा, अशी तिची रीत. दोष येथेच संभवतो. कोष्टक भूतकाळाचे असते, परीक्षा मात्र न घडलेल्या गोष्टीची घ्यावयाची असते.

वऱ्हाडातलेच उदाहरण पाहावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या तोफांपुढे उत्तम टिकलेल्या वेलस्लीच्या तीन पलटणी २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावी मारा सुरू होताच फुटून पळाल्या. असईच्या मानाने हा मारा काहीच नव्हता, असे वेलस्लीनेच लिहून ठेवले आहे. आपण जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, हेही. असईवरून कोष्टक मांडणाऱ्याने या पलटणींपुढे ‘स्थिर’ असाच शेरा मारला असता. आणि सेनापती त्या क्षणी कोठे होता, हे कोणत्या रकान्यात घालावयाचे?

फाशांनी पलटणीचा पळ दाखविता येईल, हे खरे. पण तो का, हे फासे सांगत नाहीत. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वाने कोष्टके बाजूला सारून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपविला. त्याने खेळ सुटसुटीत झाला खरा, परंतु पंचाचा पूर्वग्रहच निष्कर्ष म्हणून परत येण्याची वाटही मोकळी झाली.

तेव्हा प्रश्न उरतो नोंदीचा, आणि तेथे रिद्धपूरचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. म्हाइंभटाने तेथे लीळाचरित्र सिद्ध केले ते साक्षीदारांना गावोगाव गाठून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. एकाच लीळेच्या भिन्न आठवणी पुढे त्या परंपरेत ‘वासना’ म्हणून नमूद राहिल्या; एका पाठासाठी दुसरा पुसला गेला नाही. युद्धक्रीडेच्या टिपणात बहुधा जयपराजय तेवढा उरतो. कोणत्या खेळाडूस काय ठाऊक होते, आज्ञा कशावरून दिली, पंचाने कोणाची हरकत फेटाळली, हे सारे गळते. नव्या संकल्पनेच्या उपयोगाचे तेच असते.

अडगावचा पट मांडावयाचा झाल्यास तो निदान दोनदा मांडावा: एकदा सेनापती त्या तीन पलटणींजवळ ठेवून आणि एकदा दूरच्या बगलेवर. दोन्ही टिपणे शेजारी-शेजारी राहू द्यावीत.