चमच्यांची परीक्षा आणि एक अपुरा तक्ता

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर देशभर बंदी आली आणि शालेय विज्ञान प्रदर्शनांना एक विषय मिळाला: पर्यायी चमच्यांची तुलना. अशाच एका प्रदर्शनात परीक्षक असताना मी एक तक्ता पाहिला. 'जैवविघटनशील' आणि 'खाद्य' चमच्यांना टिकाऊपणा व पर्यावरण या दोन रकान्यांत गुण दिले होते. खाद्य चमचा पहिला आला होता. पण चमचा कशात बुडवला, किती वेळ, पदार्थ किती गरम होता, हे कुठेच लिहिले नव्हते. दोष मुलांचा नाही. जाहिरातीही अशाच असतात.

दोन्ही चमचे मऊ पडतात, पण कारणे वेगळी आहेत. विघटनशील चमचे पुष्कळदा पीएलएचे, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचे असतात. मका किंवा उसापासून मिळणाऱ्या साखरेवर प्रक्रिया करून हे बहुवारिक बनवतात. साधा पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास कडकपणा सोडतो. थंड श्रीखंडात तो ताठ राहील, वाफाळत्या आमटीत वाकेल. हैदराबादच्या नारायण पीसापती यांनी २०१० च्या सुमारास ज्वारी, तांदूळ व गव्हाच्या पिठाचे भाजलेले चमचे बनवायला सुरुवात केली. असा चमचा कोरडा असताना कडक असतो. पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरले की त्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि चमचा नरमतो, थंड ताकातही. एकाचा शत्रू उष्णता, तर दुसऱ्याचा ओलावा. ताकात तपासले तर पीएलए जिंकेल, गरम पण कोरड्या उपम्यात पिठाचा चमचा. पदार्थ निवडला तेव्हाच निकाल ठरला!

भाकरीचा तुकडा हा आपला जुना खाद्य चमचाच. पण त्याला एका घासापुरतेच टिकायचे असते. पिठाच्या चमच्याकडून आपण संपूर्ण जेवणाची अपेक्षा करतो, म्हणून त्याची परीक्षा वेळेशी बांधायला हवी.

'पर्यावरण' हा रकाना तर अधिकच फसवा. विघटन हा एकट्या वस्तूचा गुण नव्हे. ते जागेवरही अवलंबून असते. पीएलए औद्योगिक खतप्रकल्पात, सुमारे ५८ अंशाला, ओलावा आणि जिवाणू मिळाल्यावर काही महिन्यांत संपतो. शाळेमागच्या खड्ड्यात तो वर्षानंतरही ओळखता येईल. पिठाचा चमचा लवकर कुजतो, पण हवा न मिळणाऱ्या कचऱ्याच्या ढिगात त्यापासून मिथेन बनतो. तो न खाता टाकला, तर धान्य वाया गेले. शिवाय दमट हवेत तो सादळू नये म्हणून हवाबंद वेष्टन लागते. ते प्लॅस्टिकचे असेल तर आपण काय साधले?

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा, पण नीट. २५ आणि ८० अंशांचे पाणी घ्या. दर पाच मिनिटांनी चमचा बाहेर काढून, दांडा टेबलाच्या कडेशी दाबून धरा, टोकाला ठरावीक वजन टांगा आणि वाक मोजा. पिठाच्या चमच्याचे भिजण्यापूर्वीचे व नंतरचे वजनही नोंदवा. आणि तिसरा रकाना स्टीलच्या चमच्याचा ठेवा. त्या तक्त्यात तो नव्हता. एकदाच वापरायची वस्तू हवीच कशाला, हा प्रश्न त्यामुळे कोणाला सुचलाच नाही.