मारेकरी व्हायला किती मार्क लागतात?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 3.5 आवृत्तीत असॅसिन, म्हणजे मारेकरी, व्हायच्या अटी अशा आहेत: पात्र दुष्ट प्रवृत्तीचं हवं, लपण्याच्या कौशल्यात 8 रँक हवेत, आवाज न करता चालण्यात 8, वेषांतरात 4. शिवाय एक अट अशी की तिच्यात आकडाच नाही. मारेकऱ्यांमध्ये सामील व्हायचं, एवढ्या एकाच कारणासाठी तुम्ही कुणाचा तरी जीव घेतलेला असला पाहिजे.

ही शेवटची अट मला त्या जाडजूड पुस्तकातली सगळ्यात चांगली ओळ वाटते. तिच्या वरच्या आकड्यांनी तिची वाट लावली आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डीएम होऊन जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात, आणि अडेल तिथे फासे टाकतात. पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा. फायटर, विझार्ड, रोग हे बेस क्लास. पहिल्या लेव्हलपासून कुणालाही मिळतात. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांच्यावर प्रेस्टिज क्लास नावाचा मजला चढवला. आधी काही लेव्हल्स खेळा, अटी पुऱ्या करा, मग खास पेशात शिरा. असॅसिन त्यातलाच.

कागदावर कल्पना सुंदर आहे. पात्राने आयुष्य जगावं आणि त्या जगण्यातून त्याचं वेगळेपण यावं. प्रत्यक्षात काय होतं? रोगसाठी लपणं हे आपलं कौशल्य आहे, म्हणून त्याचे 8 रँक पाचव्या लेव्हलला होतात. फायटरसाठी ते परकं. त्याची कमाल मर्यादा निम्मी, म्हणजे 8 रँक व्हायला तेरावी लेव्हल उजाडते. आमच्या गटाचा एकही खेळ तिथवर पोचलेला नाही. त्याआधीच कुणाची तरी नोकरी बदलते किंवा लग्न ठरतं.

आमच्याकडे एक मैत्रीण फायटर खेळत होती. सरळ, थोडी तापट बाई. चार-पाच महिन्यांत ती बिघडत गेली, आणि हे काही आधी ठरलेलं नव्हतं. एका रात्री टोळीचा विश्वास मिळवायला तिने एका झोपलेल्या पहारेकऱ्याला मारलं. टेबल गप्प झालं. पाचवी लेव्हल होती. पुस्तकातली ती अवघड अट तिने पुरी केली होती, तीही न वाचता. पण रँक नव्हते. मध्ये रोगच्या तीनेक लेव्हल्स घेतल्या असत्या तर जमलं असतं, पण म्हणजे आणखी कितीतरी रविवार. पुढच्या वेळी ती नवं पात्र घेऊन आली, सोबत बाराव्या लेव्हलपर्यंतची एक्सेल शीट. कुठली लेव्हल कधी, कुठलं कौशल्य किती, सगळं भरलेलं. त्या पात्राला पुढे कधी कुणी चकवलं नाही. त्याचं काही झालंही नाही.

प्रेस्टिज क्लासवरचा माझा मुख्य आक्षेप हाच. जे खेळता खेळता घडायला हवं ते पहिल्या दिवशी ठरवून यावं लागतं. आपण इंजिनिअरिंगवाले हे ओळखतो. दहावीला असताना कॉलेजचा कटऑफ पाठ असतो.

मग खास क्लास नकोतच का? तसं मी म्हणणार नाही, कारण बेस क्लासही काही साळसूद नाहीत. 3.5 मधला फायटर बघा: वीस लेव्हलमध्ये 11 जादा फीट, बाकी जवळपास काही नाही. म्हणजे रिकामा डबा; भाजी तुम्ही आणा. जुन्या खेळाडूला हे स्वातंत्र्य वाटतं, नवा खेळाडू चुकीची फीट निवडतो आणि दहाव्या लेव्हलला बसून राहतो. उलट 2006 च्या 'प्लेअर्स हँडबुक 2'मधला बिगायलर घ्या. भुरळ, भास आणि फसवणूक, एवढंच त्याचं जग. त्या यादीतले मंत्र त्याला आपोआप येतात, विझार्डसारखी रोज सकाळी तयारी करावी लागत नाही. इतका अरुंद क्लास, पण नवखा माणूस पहिल्याच तासात त्याच्या आवाजात बोलू लागतो. अरुंद असणं हा दोष नाही. फक्त ते पहिल्या पानावर कळलं पाहिजे.

अरुंद क्लासची खरी किंमत दुसरेच भरतात. 1974 च्या मूळ खेळात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. लपायचं असेल तर कसं लपतोय ते कुणीही सांगायचं आणि डीएम ठरवायचा. 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर आला आणि लपायची टक्केवारी आली. 1978 च्या हँडबुकात पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची मूळ शक्यता फक्त 10 टक्के आहे. म्हणजे चोराला फारसं मिळालं नाहीच, पण बाकीच्यांना वाटू लागलं की हे आपलं काम नव्हे. प्रत्येक नवा खास क्लास असा सामाईक अंगणाला कुंपण घालतो. नव्या पुरवणीचं कौतुक करणाऱ्या परीक्षणांत हा हिशोब क्वचितच दिसतो. तिथे नुकसान किती होतं एवढंच मोजतात, तेही राक्षसाचं.

पाचव्या आवृत्तीने (2014) कटऑफ काढून टाकला. असॅसिन आता रोगचा सबक्लास आहे. तिसरी लेव्हल आली की घ्या. 2024 च्या हँडबुकात तर सगळ्याच क्लासना सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो. हे मला पटतं. दोन लेव्हल पात्राची ओळख व्हायला पुरतात. पण आकड्यांबरोबर ती शेवटची अटही गेली. आता मारेकरी व्हायला कुणाला मारावं लागत नाही, फक्त पुरेसे पॉइंट जमावे लागतात. आणि फायटरला आजही आधी रोग व्हावं लागतंच. 2020 च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये सबक्लास मधेच बदलायचा ऐच्छिक नियम आहे. डीएमने परवानगी दिली तर पात्राच्या आयुष्यात उलथापालथ झाल्यावर त्याची वाटही बदलू शकते. पण हा बदल एकाच क्लासच्या आत. आमची फायटर त्यातही बसली नसती.

सध्या आम्ही 3.5 च खेळतो, आणि प्रेस्टिज क्लासच्या यादीतल्या रँकच्या ओळींवर पेन्सिलने काट मारली आहे. डीएमची कटकट वाढली आहे, कारण आकडा बघून हो-नाही म्हणणं सोपं असतं.