'बहुधा स्वल्पविराम राहिला'

प्रोग्रामर रोज वाचतात आणि तरी ज्याची समीक्षा कुणी करत नाही असा मजकूर म्हणजे कंपायलरचे एरर मेसेज. आज आपण ती करू या. उदाहरण पायथनचं घेऊ. (हो, पायथनलाही कंपायलर आहे. तो आधी बाइटकोड बनवतो, मग प्रोग्राम चालतो.)

पूर्वी एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला की पायथन बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचा, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. आता ती ओळ तर बरोबर! नवशिका तीच ओळ पुसतो, परत लिहितो, परत तेच. पार्सर खोटं बोलत नव्हता. तो जिथे अडला ती जागा त्याने सांगितली. पण अडलेली जागा आणि चुकलेली जागा एकच नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आवृत्ती आली आणि बाण थेट उघड्या राहिलेल्या कंसावर गेला: हा बंदच झालेला नाही. ही सुधारणा मोठीच म्हणायची. एल्मने २०१५ मध्ये आणि त्यापासून प्रेरणा घेऊन रस्टने २०१६ मध्ये ही वाट धरली होती.

आता आमचा आक्षेप. त्याच ३.१०मध्ये पायथन अंदाजही सांगू लागला. समजा कुणी लिहिलं, एकूण = (दर नग). पायथनला देवनागरी नावं चालतात. गुणाकाराची खूण राहिली आहे, हे आपल्याला दिसतं. पायथन म्हणतो, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स. परहॅप्स यू फरगॉट अ कॉमा?' विद्यार्थिनी स्वल्पविराम घालते. एरर गेला! पण दर ४० आणि नग ३ असतील तर उत्तर १२० येत नाही, (४०, ३) अशी जोडी येते. पुढे कुठेतरी त्यात १० मिळवायला गेलं की तक्रार भलत्याच ओळीवर. म्हणजे फिरून आपण पूर्वीच्याच जागी, फक्त यावेळी सल्ला ऐकून.

पायथन 'परहॅप्स' म्हणतो, हे मान्य. पण सगळी शंका त्या एका शब्दावर टांगलेली आहे, आणि इंग्रजी अडखळत वाचणारा नेमका तोच शब्द गाळतो. त्याला 'कॉमा' तेवढा दिसतो.

रस्टमध्ये प्रत्येक सुचवणीला आतून एक शिक्का असतो: ही यंत्राने आपोआप लावली तरी चालेल, ही कदाचित चुकीची असेल, हिच्यात रिकाम्या जागा माणसाने भरायच्या आहेत. स्वतःच्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा, याची नोंद कंपायलरच ठेवतो. आम्हाला ही गोष्ट रंगीत बाणांपेक्षा मोलाची वाटते.

पायथनला एवढंच म्हणता आलं असतं: 'दर' आणि 'नग' यांच्यामध्ये काहीतरी राहिलं आहे. स्वल्पविराम घातलात तर जोडी तयार होईल; हिशेब करायचा असेल तर खूण घाला.