तित्तराची साद आणि मराठी पक्षिवाङ्मय

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भेस्तान हे स्थानक आहे. या भागात कारखान्यांच्या निमित्ताने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे वसली आहेत. अशाच एका घरी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला तित्तराच्या तीन सादा काढून दाखविल्या. पहिली दुसऱ्या नराला दिलेल्या आव्हानाची, दुसरी पांगलेल्या थव्याला एकत्र बोलाविण्याची आणि तिसरी भयाची. लहानपणी त्यांनी तित्तर पाळला होता, आणि तो पाळला होता शिकारीसाठीच. त्यांचे ऐकताना आमच्या मनात प्रश्न आला, तो असा की, ही भेददृष्टी आमच्या वाङ्मयात कितपत उतरली आहे?

आमच्या काव्यात पक्षी पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेक संकेताचे पक्षी होत. चातक तहानेसाठी, चकोर चांदण्यासाठी आणि मोर मेघासाठी नेमलेला. मोरोपंतांनी आपल्या आर्त स्तोत्राला ‘केकावली’ हे नाव दिले, तेव्हा मोराची केका ही भक्ताची हाक झाली. रूपक म्हणून ते सुंदरच आहे. मात्र मोर वाघाची चाहूल लागताच वेगळा ओरडतो, हे रानातल्या माणसाला ठाऊक असलेले सत्य त्या संकेतात मावत नाही.

पक्ष्याची भाषा माणसाला दोन वाटांनी कळत आली आहे. एक शिकारीची, दुसरी संगोपनाची. अमेरिकेतील रानटर्कीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील शिकारी वसंतऋतूत मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावितो. वास्तविक निसर्गक्रम उलटा असतो. नराच्या हाकेला मादी जाते. म्हणून शिकाऱ्याला नुसता सूर साधून भागत नाही. केव्हा गप्प राहावे हेही त्याला कळावे लागते. याउलट जो हटो यांनी फ्लॉरिडात रानटर्कीची अंडी उबवून, पिलांची आई होऊन, त्यांच्यासह रानात दिवस काढले. त्या अनुभवावरील त्यांचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. शिकाऱ्याला पक्षी ज्या हाकेने जवळ येतो ती हाक कळते. पाळणाऱ्याला पिलांचे हळू आवाजातले बोलणेही ऐकू येते. पहिल्याचे ज्ञान हेतूने धारदार होते, दुसऱ्याचे सहवासाने विस्तृत होते.

आमच्याकडे हे दोन्ही मार्ग एकाच माणसाच्या ठायी एकवटले होते. फासेपारधी तित्तर पाळतो, त्याचा पिंजरा रानात ठेवतो आणि भोवती फासे मांडतो. पाळीव नराची साद ऐकून आपल्या हद्दीचे रक्षण करावयास रानातला नर धावून येतो. हद्दीची कल्पना ग्रंथात येण्यापूर्वीच ती फाशाच्या दोरीत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पक्षिविद्येचा उगमही बंदुकीपासून फार दूर नाही. सलीम अली यांच्या १९८५ सालच्या आत्मचरित्राचे नावच बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीवरून आले आहे. तिच्या गळ्यावरील पिवळ्या डागाने त्यांना मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या दारी नेले. पुढे १९३० साली किहीम येथे सुगरणीचे त्यांनी केलेले निरीक्षण मात्र केवळ धीराने पाहण्याचे फळ होते.

मराठीत या ज्ञानाला साहित्याची प्रतिष्ठा दिली ती मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी. वनाधिकारी असूनही पारधी, गोंड, कोळी यांच्यापाशी ते विद्यार्थी होऊन बसले, ही त्यांची खरी थोरवी. ‘पक्षिकोश’ हे त्याचे फलित होय. ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द त्यांनी मराठीला दिले. तथापि एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. त्यांच्या ललित लेखनात स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांच्या सीमा कित्येकदा पुसट होतात. वाचक मोहून जातो, परंतु ज्याने सांगितले तो पारधी पार्श्वभूमीतच राहतो.

ही उणीव केवळ कलेची नव्हे. १८७१च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली कायद्याने पुसला, तरी लोकांच्या मनातून पुरता गेला नाही. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातील दुरुस्ती यांनी शिकारीचा मार्ग बंद केला. तो बंद होणे इष्टच होते. तित्तर फाशात पडावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु फासा गेला म्हणून कानही जावा काय? ते ज्ञान ज्यांच्या मुखी आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि तिची नातवंडे भेस्तानसारख्या ठिकाणी यंत्रांच्या आवाजात वाढत आहेत.

याज्ञवल्क्याने ओकून टाकलेली विद्या सहाध्यायांनी तित्तिर पक्षी होऊन टिपून घेतली, म्हणून त्या शाखेस तैत्तिरीय नाव पडले, अशी कथा आहे. टाकून दिलेले ज्ञान उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चातकाचा संकेत अवश्य शिकवावा. पण त्याचबरोबर घरातील आजोबांना तित्तराच्या तीन सादा विचारून, सांगणाऱ्याच्या नावानिशी उतरून आणावयासही सांगावे. मराठी पक्षिवाङ्मयाचे पुढील पान तेथून सुरू होईल, असा आमचा विश्वास आहे.