मवाळपणाची घडण

श्रीपूरच्या मतदाराने सुशीलकुमार शिंदे यांना लोकसभेसाठी कधी मत दिलेले नाही. माळशिरस तालुका आधी पंढरपूर मतदारसंघात होता, २००९ पासून तो माढ्यात आहे. तरीही ही कारकीर्द नीट वाचायची तर श्रीपूरसारखी जागा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने हे गाव वसवले. शेजारी अकलूज. या पट्ट्यात पुढारी घडतो तो कारखाना, सोसायटी आणि जिल्हा बँक या वाटेने. शिंदे यांच्यामागे कारखाना नव्हता, शेतजमिनीचा पसारा नव्हता, संख्येने मोठी जातही नव्हती. ढोर समाजात जन्मलेला सोलापूरचा हा मुलगा अर्धशतक सत्तेच्या आत-बाहेर वावरला तो स्वभावाच्या भांडवलावर, आणि हा स्वभाव कसा कमावला गेला हे पाहण्यात खरी गोडी आहे.

पहिली जागा सोलापूरच्या न्यायालयातली. १९५७ ते १९६५ त्यांनी तिथे बेलिफाची नोकरी केली. बेलिफ म्हणजे नकोसा कागद घेऊन दारात उभा राहणारा माणूस. समन्स बजावायचे, जप्तीचा हुकूम दाखवायचा. समोरचा संतापणार हे ठरलेले. आपण आवाज चढवला तर काम बिघडते, नमते घेतले तर हुकूम बजावलाच जात नाही. कागद ठाम, आवाज मऊ. पुढे मुंबई पोलिसांत फौजदारकी आली, १९७१ मध्ये ती सोडून काँग्रेस आली, १९७४ मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक आली, अर्थमंत्री म्हणून राज्याचे नऊ अर्थसंकल्प आले. पण त्या सगळ्यात ही पहिली बैठक मोडलेली दिसत नाही.

दुसरी जागा सहज नजरेतून सुटते. १९९८ आणि १९९९ मध्ये ते सोलापुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा हा मतदारसंघ राखीव नव्हता. राखीव होता तो शेजारचा पंढरपूर. म्हणजे जिल्ह्यात राखीव जागा असताना दलित उमेदवार खुल्या जागेवरून लागोपाठ दोनदा निवडून आला. याचा त्यांनी कधी डंका पिटला नाही. मला तर त्यांच्या विजयांतला हाच सर्वांत देखणा वाटतो.

२००२ मध्ये पक्षाने त्यांना उपराष्ट्रपतिपदासाठी भैरोसिंह शेखावत यांच्यासमोर उभे केले. आकडे आधीच विरोधात होते. निकाल ४५४ विरुद्ध ३०५ लागला. हरण्यासाठी उभे राहायलाही एक रुबाब लागतो. पाच महिन्यांनी, १८ जानेवारी २००३ रोजी, ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २००४ ची विधानसभा त्यांच्या नेतृत्वाखाली लढवली गेली, आघाडीने सत्ता राखली, राष्ट्रवादीच्या ७१ जागांपुढे काँग्रेसला ६९ मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले, आणि त्या पदावर बसले विलासराव देशमुख. शिंदे यांना हैदराबादच्या राजभवनाचा रस्ता दाखवण्यात आला. लढाई जिंकून देणाऱ्या सेनापतीला मानाच्या वनवासावर पाठवावे, तसे हे होते. दुसरा कोणी असता तर मुंबईत बैठकांवर बैठका झाल्या असत्या. शिंदे आंध्रचे राज्यपाल म्हणून रुजू झाले.

आणि इथे या कारकिर्दीतली सर्वांत नाजूक कलाकुसर आहे. राज्यपालपद ही आपल्याकडे राजकारणाची सांजवेळ मानली जाते. लातूरचे शिवराज पाटील आधी केंद्रात गृहमंत्री झाले आणि नंतर पंजाबचे राज्यपाल. हा नेहमीचा क्रम. शिंदे यांचा प्रवास नेमका उलटा. राजभवनात त्यांनी स्वतःला सांभाळले ते पक्षीय कुरबुरींपासून दूर राहून. तेलुगू भाषेचीही सोलापूरकराला नवलाई नसते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या गल्ल्यांत ती रोज कानावर पडते. जेमतेम सव्वा वर्ष गेले आणि जानेवारी २००६ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले, मार्चमध्ये राज्यसभेत आले. राज्यपालाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही, मंत्र्याला सभागृहात रोज विचारतात. महामहीम म्हणवून घेतल्यावर पुन्हा त्या बाकावर बसणे अनेकांना कमीपणाचे वाटले असते. शिंदे बसले, आणि आपण कुठून आलो याची आठवण कोणाला करून दिली नाही.

ऊर्जा खात्याची सहा वर्षे मी भरभर ओलांडतो. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प त्या काळातला. पण जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर भारताची ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळली, त्यातल्या दुसऱ्याच दिवशी त्यांना गृहखाते मिळाले, आणि त्यावर टीका झाली ती रास्त होती. जानेवारी २०१३ मध्ये जयपूरला दहशतवादाला भगवा रंग जोडताना त्यांचा तोल गेला. महिन्याभरात त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. मवाळ माणसाची चूक ठळक दिसते, कारण ती त्याच्या हस्ताक्षरातली वाटत नाही.

मग फेब्रुवारी २०१४. आंध्र प्रदेशाचे विभाजन करणारे विधेयक लोकसभेत मांडायचे होते आणि ते मांडणार होते त्याच राज्याचे एकेकाळचे राज्यपाल. १३ तारखेला सभागृहात मिरीच्या फवाऱ्याने खासदारांचे डोळे झोंबले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. १८ तारखेला गोंगाटातच, आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले. विरोध करणाऱ्यांत शिंदे यांच्याच पक्षाचे खासदार होते. नकोसा कागद, संतापलेले दार, आणि मधे उभा राहून न ओरडता काम पुरे करणारा माणूस.

तीन दिवसांनी त्या लोकसभेचा शेवटचा दिवस होता. विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज निरोपाचे बोलल्या. संसदीय कामकाजमंत्री कमलनाथ आपल्या खोडकरपणाने सभागृह गुंतवतात आणि शिंदे आपल्या सज्जनपणाने ते सोडवतात, अशा अर्थाचे त्यांचे बोल होते. ज्यांनी पाच वर्षे समोरच्या बाकावरून त्यांच्या सरकारला धारेवर धरले, त्यांचीच ही पावती. मे महिन्यात सोलापूरने शिंदे यांना हरवले. २०१९ मध्ये, पंच्याहत्तरी उलटल्यावर, ते त्याच सोलापुरातून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. २०२४ मध्ये त्यांच्या कन्या प्रणिती तिथून निवडून आल्या.